आजोबांच्या ट्रंकेतल्या परक्या नोटा

सातारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. घर नव्याने बांधायला काढले, तेव्हा माळ्यावरची आजेसासऱ्यांची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. आजेसासरे मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेले होते, एवढेच घरात ठाऊक. ट्रंकेत पलटणीचे कागद, कातडी पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेल्या सात नोटा निघाल्या. त्यांतल्या एकीवर इंग्रजीत शंभर रुपये असे छापले आहे, पण ना राजाचा मुखवटा, ना अशोकस्तंभ. भाच्याने मोबाइलवरून कुठेतरी फोटो पाठवला. लगेच कोणा व्यापाऱ्याचा निरोप आला, "चार लाख देतो, आधी नोंदणीचे पाच हजार भरा." भगिनी विचारतात, दोन शेळ्या विकून पैसे भरू का?

ताई, शेळ्या दावणीलाच राहू द्या. एक पैसाही भरू नका. आता नोटांकडे वळू. पत्रासोबत फोटो आहेत, म्हणून नीट सांगता येते.

सातांपैकी सहा नोटा जपान सरकारच्या आहेत. जपानी फौजांनी १९४२ साली ब्रह्मदेश घेतला आणि तिथे आपल्या नोटा चालू केल्या. त्या देशात आधीपासून रुपया चाले, कारण १९३७ पर्यंत ब्रह्मदेश इंग्रजांच्या हिंदुस्थानातच मोडत होता. म्हणून जपान्यांनीही रुपयाच छापला. मलायासाठी डॉलर, फिलिपाइन्ससाठी पेसो, डच ईस्ट इंडीजसाठी गिल्डर. जिथे जे नाणे चालत होते, तिथे त्याच नावाचा कागद.

ओळखायची खूण सोपी आहे. नोटेवर इंग्रजीत जपानी सरकारचे नाव असते आणि धारकास मागताच रक्कम देण्याचे वचन असते. सही नसते. बहुतेक नोटांवर आपल्यासारखा लांबलचक क्रमांकही नसतो, नुसती इंग्रजी अक्षरे असतात. त्यांतले पहिले अक्षर बी असेल तर नोट ब्रह्मदेशची, एम असेल तर मलायाची, पी असेल तर फिलिपाइन्सची. तुमच्या सहाही नोटांवर बी आहे. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, त्यावरून तिकडचे लोक या साऱ्या पैशालाच केळीचा पैसा म्हणत.

वचन छापले होते खरे, पण त्याच्या मागे काही नव्हते. लागेल तशा नोटा छापल्या गेल्या आणि बाजारात भाव चढत गेले. १९४५ साली इंग्रज परतले आणि त्यांनी हा पैसा मानला नाही. ज्या ब्रह्मी शेतकऱ्याने खळ्यावरचे भात देऊन अशी शंभराची नोट घेतली असेल, त्याच्या हाती शेवटी कागद उरला. शिपायांनी मात्र आठवण म्हणून त्या खिशात घातल्या आणि घरी आणल्या. अशा नोटा जगभर ढिगाने शिल्लक आहेत. संग्राहक थोडेफार पैसे देतील, लाखांची गोष्ट सोडा.

सातवी नोट दिसायला साधी आहे. दहा रुपयांची, सहाव्या जॉर्ज राजाच्या चित्राची. आपलीच जुनी नोट समजून ती तुम्ही बाजूला टाकलीत. पण तिच्यावर वरून इंग्रजीत ठसा मारला आहे, ब्रह्मदेशचे लष्करी प्रशासन, चलन फक्त ब्रह्मदेशात. इंग्रजांनी १९४५ साली परत पाय रोवताना हिंदुस्थानच्या नोटांवर असा ठसा मारून त्या तिकडे चालवल्या. साताऱ्याच्या बाजारात ती चालली नसती, म्हणूनच ट्रंकेत राहिली असेल. सातांत जपायची तर हीच. विकायचीच झाली तर दोन-तीन जाणत्या संग्राहकांना समक्ष दाखवा, आणि नोट हातची सोडण्याआधी पैसे मोजून घ्या.

मराठा पलटणी इटलीतही लढल्या. यशवंत घाडगे यांना १९४४ च्या तिथल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या बाजूला गेलेल्यांच्या घरी दोस्त फौजांच्या लिरा नोटा निघू शकतात. त्यांवर १९४३ साल आणि इटलीत काढल्याचा उल्लेख असतो. लहान रकमेची नोट जवळजवळ चौकोनी. चलन म्हणून त्याही कधीच बाद झाल्या.

कोकणातल्या घरांत आणखी एक प्रकार आढळेल. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी झेड असतो. या नोटांना संग्राहक चांगली किंमत देतात, म्हणून रंग ओळखीचा नाही एवढ्यावरून खोटी ठरवून फाडू नका.

परकी नोट म्हणजे बादच, असेही नाही. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने काढलेली पौंडाची नोट कितीही जुनी असली तरी ती बँक आजही बदलून देते. अमेरिकन डॉलरच्या जुन्या नोटाही चालतात. तेव्हा आधी देश आणि काढणाऱ्याचे नाव वाचावे, आकडा मागाहून.

राहिला तो निरोप. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने कोणी शुल्क, दलाली किंवा कर मागितला तर देऊ नका, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितले आहे. घेणारा पैसे देतो, मागत नाही. गाईच्या बाजारात कुणी गिऱ्हाईक विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागेल काय? भाच्याला सांगा, त्या माणसाला आधारकार्डाचा किंवा बँकेच्या पुस्तकाचा फोटोही पाठवू नये. पाठवला असेल तर बँकेत जाऊन सांगावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार लगेच नोंदवावी.

नोटा धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. पट्टीचा डिंक कागदात मुरतो आणि डाग पडतो. प्लॅस्टिकमध्ये कायमच्या बंदही करून घेऊ नका. स्वच्छ कोऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, उंदीर-वाळवीपासून दूर. पाकिटावर आजोबांचे नाव, पलटण आणि नोकरीची वर्षे लिहा. ती ट्रंकेतल्या पलटणीच्या कागदांत सापडतील. लिहायचे ते मात्र नोट आत घालण्याआधी, नाहीतर पेनाचा दाब नोटेवर उमटतो.