माय-लेकीच्या टाक्यांचा हिशेब कोण धरणार?

मे महिन्याच्या अखेरीला सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासून दाखवायला आम्ही गोदाकाठच्या एका गावात गेलो होतो. पद्धत आपल्या शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सहा-सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरणीला चांगले. आम्ही गोणपाट मागितले तेव्हा घरच्या बाईंनी हातातली सुई वाकळेत टोचून ठेवली आणि बाजूच्या चिंध्यांच्या ढिगातून एक तुकडा काढून दिला.

ओसरीभर वाकळ पसरलेली होती. वर आणि खाली जुन्या सुती लुगड्यांचे पदर, आत धोतराचे आणि चादरीचे थर, चार कोपऱ्यांवर चार दगड. एका बाजूने आई टाके घालत होती, समोरून बारावीची परीक्षा दिलेली लेक. आईचा धावदोरा पेरणीच्या तासासारखा सरळ जात होता. लेकीचा मध्येच वाकडा झाला की आई बोलत नव्हती. नुसते बोट ठेवून दाखवायची आणि लेक उसवून पुन्हा घालायची. भिंतीला लागून पायमशीन होते. गावातल्या बायांची पोलकी, परकर, फॉल-पिको, लहान पोरांची झबली-टोपडी अशी सारी कामे त्यावर होतात. मशीन चालवते लेक. काज, हूक, तुरपाई हे हातकाम आईचे. आईला इंचपट्टी वाचता येत नव्हती, ती वितीने मापे घ्यायची. इंचपट्टी तिला लेकीने शिकवली. टाका कसा बसवावा, कापड आडवे-उभे कसे ओळखावे हे लेकीला आईने शिकवले. दोघीही एकमेकींच्या शिक्षिका.

आम्ही घरधन्याला सहज विचारले, "या कामाचे महिन्याला किती सुटतात?"

ते हसले. "कशाचे सुटतात साहेब? बायकांचा विरंगुळा हाय तो. दुपारचं बसून काय करावं, म्हणून करतात."

बाई खाली बघून म्हणाल्या, "गावातलीच माणसं. पैसे कसे मागावं? देतात कधीतरी."

लेक उठून आत गेली आणि शाळेची जुनी वही घेऊन आली. मागच्या पानांवर तिने दिवाळीपासूनची कामे लिहिली होती. कोणाचे काय शिवले, किती ठरले, किती आले. येणे असलेली चौदा नावे होती आणि बेरीज तीन हजार दोनशे पन्नास रुपये. घरधनी वही बघत राहिले. चारच दिवसांपूर्वी ते खताच्या दुकानातून दोन गोण्या डीएपी उधारीवर घेऊन आले होते. गोणी तेराशे पन्नासची. म्हणजे घरातल्या दोघींचे येणे वसूल झाले असते, तर दोन्ही गोण्या रोखीने येऊन वर साडेपाचशे रुपये उरले असते.

ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगाव अशा माय-लेकी आहेत. त्यांच्या हाताला आपण कौतुकाने "कला" म्हणतो आणि कौतुक करून मोकळे होतो. मजुरीचा विषय निघाला की तेच काम "विरंगुळा" होते. शंभर दाण्यांतले किती उगवले ते आपण बोटावर मोजतो. मग घरातल्या दोन माणसांनी महिनोन्महिने केलेले काम कोणीच का मोजू नये, हा आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, घरच्या कामाला कसली मजुरी? त्यांना आम्ही शेतीतलेच उदाहरण देतो. पिकाचा हमीभाव सुचवताना कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो. त्यात बियाणे, खते, औषधे, मजूर यांचा रोख खर्च तर धरतातच, शिवाय घरच्या माणसांच्या राबण्याचीही किंमत धरतात. सरकारी भाषेत त्याला ए-टू अधिक एफएल म्हणतात, त्यातले एफएल म्हणजे घरची मजुरी. २०१८ सालच्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती याच खर्चावर. त्याहूनही वरचा, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून खर्च काढावा, अशी शेतकऱ्यांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण जो शेतकरी दिल्लीकडे घरच्या घामाची किंमत मागतो, त्याने आपल्या ओसरीवरच्या घामाचीही किंमत करायला नको काय?

ती कशी करायची? हिशेब अवघड नाही. समजा, एका वाकळेला दोघी मिळून रोज दोन-दोन तास बसल्या आणि बारा दिवसांत ती पुरी झाली. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांचे काम. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी रोज ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये पडतात. अठ्ठेचाळीस गुणिले एकोणचाळीस, एक हजार आठशे बाहत्तर रुपये. ही माती उचलण्याच्या दराने आलेली मजुरी आहे, तीत हाताच्या कसबाचे काही धरलेले नाही. दोरा आणि आतले कापड वेगळे. त्या बाईंना आम्ही विचारले की वाकळेचे किती घेता? त्या म्हणाल्या, "पाचशे. कोणी चारशे देतं."

एवढा दर गावात मिळणार नाही, हे आम्हालाही कळते. बाजारात यंत्रावरची पॉलिस्टरची रजई स्वस्त मिळते, गिऱ्हाईक तिकडे जाते. पण कितीला परवडत नाही हे तरी माहीत हवे. दर कळला की कोणते काम घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवता येते. वाकळ लेकीबाळींना देण्यापुरती शिवावी आणि विक्रीसाठी दुसरे काही शिवावे, असेही उत्तर निघेल.

दुसरे काही म्हणजे काय, तर गरज शेतातच आहे. कापूस वेचताना बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. ओझ्याने कंबर धरते आणि बोंडाच्या टोकदार सालींनी हात ओरखडतात. कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान विभागांनी अशा कामांसाठी वेचणीचा झोळणा असलेले कोट आणि हातमोजे यांसारखी साधने तयार केली आहेत. परभणीच्या विद्यापीठात हे काम बरीच वर्षे चालू आहे. भेंडी तोडताना हाताला खाज सुटते, तिथे जाड कापडाचे हातमोजे चालतात. मळणीच्या धुराळ्यात तोंडाला कापडी पट्टी लागते. गावच्या मशीनवर शिवता येतील अशा या वस्तू आहेत. नमुना पाहून एक शिवावा, घरच्या माणसाने वापरून बघावा, मग चार घरांना द्यावा. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आठवडी बाजाराला कापडी पिशवीचे गिऱ्हाईक आहे.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द. २०२४-२५ साली शाळांच्या गणवेशाचा कारभार राज्य पातळीवर नेला गेला. शिवणकाम बचत गटांच्या महिलांकडून करून घ्यायचे होते. कापड उशिरा आले, मजुरी परवडेना आणि कित्येक मुलांना गणवेश वेळेवर मिळाले नाहीत, अशा तक्रारी झाल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय झाला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. म्हणजे गणवेश कोणाकडून घ्यायचे, हा विचार आता गावात होऊ शकतो. समितीत आपलेच पालक बसतात. तालुक्याच्या दुकानातून तयार गठ्ठा आणण्याआधी नियमात बसत असेल तर गावातल्या मशीनवाल्या बायांना बोलवावे, मजुरी बसून ठरवावी आणि मापे वेळेत द्यावीत. काम चोख झाले पाहिजे हा आग्रहही धरावा. बाई गावची आहे म्हणून वाकडी शिवण चालवून घेऊ नये, आणि ती गावची आहे म्हणून पैसेही थकवू नयेत.

दुसरी गोष्ट योजनेची. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. नोंदणीला फी नाही. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते, तेव्हा सरपंचांनी अर्ज पाडून ठेवू नयेत. सध्या नवी नोंदणी घेतात का, हे सीएससी केंद्रात आधी विचारून घ्यावे.

या योजनेत माय-लेकींनी एक अट नीट समजून घ्यावी. लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो आणि नवरा, बायको व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरतात. वय अठरा पूर्ण लागते. मग नाव कोणाचे घालायचे? पुष्कळ घरांत फॉर्म भरता येतो म्हणून लेकीचे नाव पुढे केले जाते, किंवा आधारकार्ड हाताशी आहे म्हणून घरधन्याचेच. ज्याने कधी सुई धरली नाही त्याच्या नावाने शिंपीकामाचा अर्ज भरणे, हे तर उघड खोटे झाले. आमचे मत असे की, ज्या घरात लेक पुढे शिकणार आहे तिथे आईचे नाव घालावे. लेक उद्या सासरी गेली तर तिला त्या घरी स्वतःचा हक्क सांगता येईल. आईला मात्र ही एकच संधी असते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. त्या दिवशी निघताना घरधनी आम्हाला म्हणाले, "शिवण येतंय तिला. आता आणखी शिकवून काय करायचं?" लेक वहीत बघत होती. उत्तर आईने दिले. "शिवण येतंय म्हणूनच शिकवायचं. मला पट्टी वाचता येत नव्हती म्हणून मी वीस वर्षं वितीनं मापं घेतली."

यावर आम्ही वेगळे काय लिहावे? आईच्या हाताखाली लेक बसली, ही चांगली गोष्ट आहे. पण म्हणून लेकीची शाळा सुटली, तर तिच्या कसबानेच तिचे नुकसान केले असे होईल. कायदाही बघावा. चौदा वर्षांखालील मुलांनी घरच्या धोका नसलेल्या उद्योगात मदत करायला हरकत नाही, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, असे २०१६ सालच्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. मोठ्या मुलींसाठी आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास मुलीलाही चालतो. कटिंगचे शास्त्र, विजेचे मशीन, मोठ्या मापांची विभागणी हे तिथे शिकायला मिळते. घरचा हात आणि तिथले शिक्षण एकत्र आले तर ती मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहील.

तेव्हा आमची माय-लेकींना विनंती आहे की, एक वही करा. तारीख, नाव, काम, किती तास, ठरले किती, आले किती, एवढे सहा रकाने पुरेत. दर एका कागदावर लिहून दारावर लावा, म्हणजे तोंडाने मागायचा संकोच राहत नाही. पैसे आईच्या स्वतःच्या खात्यावर जाऊ द्या. आणि शेतकरी बंधूंनो, पेरणीच्या खर्चाची वही ज्या फळीवर ठेवता, त्याच फळीवर ही वही ठेवा.

सातव्या दिवशी आम्ही गोणपाट उलगडायला पुन्हा त्या घरी गेलो. शंभरातले अठ्ठ्याहत्तर दाणे उगवले होते, बियाणे पेरणीजोगे निघाले. दारावर वहीचे पान चिकटवलेले होते आणि त्यावर लेकीच्या अक्षरात पोलके, परकर, फॉल-पिको, वाकळ असे दर लिहिलेले होते. वाकळेपुढे पाचशे खोडून नऊशे केले होते. थकलेल्या चौदा जणींपैकी सहा जणींनी पैसे आणून दिले होते. एक बाई रागावून गेली, असे आईंनी सांगितले. आयटीआयचा फॉर्म कुठे मिळतो, हे घरधन्याने आम्हाला दोनदा विचारले. तो भरला जातो का, हे आम्ही पावसाळ्यात जाऊन बघणार आहोत.