सर्दी, दमा आणि डब्यातली ती कॅपसूल

मैत्रिणींनो, ऊसतोड सुरू झाली की आपल्या कोडोलीच्या बाजूची हवाच बदलते. इकडे गुऱ्हाळांचा धूर, तिकडे रानात पेटवलेले पाचट, त्यात पहाटेची थंडी. घरात दम्याचे माणूस असेल, तर बाईचा कान रात्रभर त्या सूं सूं आवाजाकडे लागलेला. त्यातच कुणाला सर्दी झाली की फर्मान सुटते, "मागच्या खेपेची ती कॅपसूल उरलीय का बघ गं डब्यात!"

साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारते ते जिवाणूंना. विषाणूंपुढे त्याचे काही चालत नाही. सर्दीने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या सुजतात, आवळतात, आणि त्यावर गुण येतो तो पंपाने. कफ पिवळा-हिरवा दिसला, एवढ्यावरून कॅपसूल लागतेच असे नाही. थंडी वाजून ताप भरला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर मात्र न्यूमोनिया आहे का हे डॉक्टरांना पाहू द्या. त्यांनी दिली तर सांगितले तितके दिवस घ्यायची, पुढच्यासाठी शिल्लक टाकायची नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. २०१६ साली सरकारने या रेघेचा मुद्दाम प्रचार केला होता.

आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, तो पेनिसिलीन देशातच तयार व्हावे म्हणून. अशी मोलाची औषधे ऊठसूट घेतली, की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. मग खरी गरज पडेल तेव्हा काय करायचे?

आता दही. एक सासूबाई म्हणतात, दह्याने दमा वाढतो. दुसऱ्या म्हणतात, जातो! दह्याने दमा बरा होतो, असे काही सिद्ध झालेले नाही. पण अँटिबायोटिकने पोटातले चांगले जिवाणूही मरतात, जुलाब होतात, तेव्हा सोसत असेल तर घरचे ताजे दही-भात जरूर द्या. दुकानातल्या महागड्या पुड्या डॉक्टर म्हणतील तरच. एक ध्यानात ठेवा, सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर त्या गोळीबरोबर दूध-दही नको. गोळीचा गुण कमी होतो. मध्ये किती तास सोडायचे ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि पंपाची लाज कशाला, बाई? माझ्या वर्गातल्या एका मुलीचा पंप दप्तराच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला असतो, मैत्रिणी हसतील म्हणून! सुनाही तो साड्यांखाली लपवतात. चष्म्याला कुणी व्यसन म्हणत नाही, मग पंपालाच का? डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल, तर बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नका.

धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही उतार नसेल, तर काढा-वाफेत वेळ घालवू नका. रात्र असली तरी गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा.