परवडणारे, पण कोणाला?

'अफोर्डेबल' हा इंग्रजी शब्द वृत्तपत्रांत सर्रास आढळतो. अर्थ मात्र पानागणिक पालटतो. करविषयक बातमीत तो २०१९ च्या जीएसटी नियमानुसार महानगरातील ६० चौरस मीटरपर्यंतचे, ४५ लाखांच्या आतील घर दर्शवितो. गृहप्रकल्पाच्या बातमीत विकासक म्हणेल ते. पवईत १९८६ च्या त्रिपक्षीय करारात ४० व ८० चौरस मीटरच्या घरांची अट होती. प्रत्यक्षात आलिशान मनोरे उभे राहिले. अखेर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ही छोटी घरे आधी बांधण्याचा आदेश द्यावा लागला. मराठीतील 'परवडणे' हे क्रियापद 'कोणाला?' या प्रश्नाच्या उत्तराविना अपुरेच राहते. वार्ताहराने तो प्रश्न विचारावा आणि घराच्या किमतीसह उत्तर छापावे. सामान्य कुटुंबाची फसगत तेवढ्याने तरी टळेल.