किल्ली कोणाकडे?

आमच्या केंद्राला लागूनच वस्तीचे समाजमंदिर आहे. संध्याकाळी सहाला तिथे दिवा लागतो, कॅरम मांडला जातो आणि सोंगट्यांचा आवाज रात्री दहापर्यंत येत राहतो. खेळणारे सगळे मुलगे. मागच्या पावसाळ्यात आमच्या किशोरी गटातली एक मुलगी म्हणाली, "ताई, आम्हालापण खेळायचंय." मी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे गेले. "मुलींना कोणी अडवलंय? येऊ देत की!" ते हसून म्हणाले. खरेच, अडवले कोणीच नव्हते. पण संध्याकाळी सहा ही मुलींची पाणी भरायची, भाकऱ्या थापायची वेळ. दुपारी त्या मोकळ्या असतात तेव्हा दाराला कुलूप आणि किल्ली कार्यकर्त्यांच्या खिशात.

ह्या कुलपाकडे पाहिले की मला इंग्लंडच्या रूथ हॅरिसनची आठवण होते. बहुतेक मैत्रिणींनी हे नाव ऐकलेले नसेल. रूथ स्नूकर आणि बिलियर्ड्सची व्यावसायिक खेळाडू होती. स्त्रियांची व्यावसायिक स्नूकर स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षापासून १९४० पर्यंत दर वर्षी अजिंक्यपद रूथचेच, सलग सात वेळा. मध्ये युद्धामुळे स्पर्धा थांबली. १९४८ मध्ये ती पुन्हा भरली आणि रूथच जिंकली. बिलियर्ड्समध्ये तेव्हा जॉइस गार्डनरचा दबदबा होता. तिने सात वेळा विजेतेपद मिळवले, पण १९३४ आणि १९३९ मध्ये तेही रूथने तिच्या हातून काढून घेतले.

स्त्रियांना खेळापासून दूर ठेवताना ताकदीचे कारण पुढे केले जाते. स्नूकरला दंडाची ताकद लागत नाही. नजर, कोनाचा अंदाज, स्थिर हात आणि तासन्‌तास केलेला सराव लागतो. मग बायका इतक्या कमी का? कारण टेबलापाशी आहे. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, पाटीच्या दगडाचे ते वजनदार टेबल सामान्य घरात मावत नाही. ते असते क्लबात नाही तर बिलियर्ड हॉलमध्ये, आणि ह्या दोन्ही जागा पुरुषांच्या. स्नूकर हा खेळच १८७५ च्या सुमारास आपल्या जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला असे मानतात. मेसमधून निघाला तो क्लबात गेला.

रूथच्या पिढीला टेबल मिळाले, ते आपोआप नाही. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये स्त्रियांची बिलियर्ड्स संघटना स्थापन झाली. ती उभी करणाऱ्यांत टेरेसा बिलिंग्टन-ग्रेग होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या ह्या बाईंना खेळाचे टेबलही हक्काच्या लढाईतले वाटले, हे मला फार मोलाचे वाटते. पण सामन्यांची जागा लंडनचा बरोज हॉल, म्हणजे टेबले बनवणाऱ्या कंपनीचा. जागा बायकांची स्वतःची नव्हतीच.

१९५० नंतर ही व्यावसायिक स्पर्धा भरेनाशी झाली. कोणी म्हणेल, पुरुषांची जागतिक स्पर्धाही १९५७ नंतर थांबली होतीच की! बरोबर. पण ती १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली, कारण मधल्या काळात पुरुषांचे क्लब चालूच होते, पोरे तिथे शिकतच होती. स्त्रियांची जागतिक स्पर्धा उभी राहायला १९७६ उजाडले. ती जिंकणाऱ्या व्हेरा सेल्बी तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या लहानपणी खेळायला शिकल्या, कारण काकांच्या घरी तळघरात टेबल होते. ज्यांना असे काका नव्हते, त्या मुलींचे काय झाले असेल?

आणि १९७८ मध्येसुद्धा वेकफील्डच्या कामगार क्लबात शीला कॅपस्टिक ह्या बाईंना, ती बाई आहे म्हणून, स्नूकर खेळायला बंदी झाली. त्या गप्प बसल्या नाहीत. गर्भपाताच्या हक्कासाठी तिकडच्या बायका 'राइट टू चूज' म्हणत. शीलाबाईंनी 'राइट टू क्यूज' अशी घोषणा दिली आणि क्लबांमधल्या समान हक्कांसाठी मोहीम उभारली. खेळायची काठी, तो क्यू, हक्काची खूण झाला. त्या क्लबांच्या महासंघाने स्त्रियांना समान सदस्यत्व द्यायला मात्र २००७ साल लागले.

आपल्या चळवळीत खेळाला आपण फारसे महत्त्व देत नाही. हुंडा, मारहाण, रेशन, रोजगार ह्यांच्यापुढे कॅरम कुठे, असे मलाही वाटायचे. पण त्या मुलीने मला विचार करायला लावले. घराबाहेर, काहीही काम न करता, नुसत्या आनंदासाठी दोन तास घालवायचा हक्क मुलग्याला जन्मतः मिळतो. मुलीला त्यासाठी कारण द्यावे लागते. एखादी रूथ निघाली तर आपण तिचे कौतुक करतो, पण तिच्यामागून येणाऱ्यांसाठी खोली उघडी आहे का, हे पाहत नाही.

आम्ही मंडळाशी दोन महिने भांडलो. आता किल्लीची एक प्रत किशोरी गटाकडे असते. दुपारी दोन ते चार मुली कॅरम खेळतात. संध्याकाळचे पाणी अजून त्याच भरतात, तो वाद घराघरात घालायचा बाकी आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची, व्यायामशाळेची, वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते आणि ते कोणत्या वेळी उघडते? विचारून पाहा आणि आम्हाला कळवा.