चित्रांचा बाजार रात्री भरू द्या

मीरा-भाईंदर महानगरपालिकेला आज, 28 फेब्रुवारी 2026 रोजी, 24 वर्षे पूर्ण झाली. वर्धापनदिनी जे होते ते यंदाही होईल. रोषणाई होईल, सत्कार होतील, भाषणे होतील. जानेवारीच्या निवडणुकीतून 95 जणांचे नवे सभागृह आलेले असल्याने घोषणाही नेहमीपेक्षा चार जास्त ऐकू येतील. त्या घोषणांच्या रांगेत आमची एक किरकोळ मागणी उभी करतो. महिन्यातून एका शनिवारी, रात्री साडेआठपासून साडेबारापर्यंत, या शहरातल्या एखाद्या रुंद रस्त्यावर चित्रकारांना आपली चित्रे विकायला बसू द्यावे. स्टेज, निवेदक, पाहुणे यांतले काहीही नको.

रात्रीच का, असे कोणी विचारील. कारण हे शहर रात्रीच घरी असते. 2011च्या जनगणनेत इथे 8 लाख 9 हजार 378 माणसे मोजली गेली. आज ती किती असतील याचा अंदाज सकाळी मीरा रोडच्या फलाटावर उभे राहिले की येतो. यातला मोठा हिस्सा सकाळी दक्षिणेकडे जातो आणि दिवेलागण होऊन गेल्यावर परततो. जहांगीर कलादालन 1952 पासून उघडे आहे, तिकीटही नाही. पण त्याची वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7. म्हणजे भाईंदरचा नोकरदार माणूस जहांगीर बघायचे तर रजा टाकून किंवा रविवारी पुन्हा तीच लोकल पकडून. रविवारी ती लोकल कोणी हौसेने पकडत नाही. मुंबईचे कलाजगत आणि उपनगरी माणूस यांची गाठ पडत नाही ती रुचीच्या अभावी, हे आम्हाला मान्य नाही. वेळापत्रकच जुळत नाही.

जागे राहणे मात्र या शहराला कोणी शिकवायला नको. सध्या रमजान सुरू आहे. मीरा रोडच्या नया नगरात तरावीहच्या नमाजानंतर बाजार खरा रंगात येतो. नवरात्रात गुजराती-राजस्थानी सोसायट्यांच्या आवारात मध्यरात्र होते. एरवीही जेवणे आटोपली की भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीचा वारा खायला कुटुंबेच्या कुटुंबे येतात. मुले, आजी, हातात आईस्क्रीम आणि घाई कसलीच नाही. दुकानदाराला असे गिऱ्हाईक दिवसा मिळत नाही.

अर्थात रात्रीचे गिऱ्हाईक विचित्रही असते. ते फिरायला आलेले असते, घ्यायला नव्हे. खिशात पाकीट नसते, पण मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये पैसे असतात. यूपीआय आल्यापासून रस्त्यावरच्या विक्रीतली सर्वांत मोठी अडचण संपली. चित्राची किंमत विचारायला मात्र ते लाजते. विचारले आणि परवडले नाही तर चारचौघांत काय, ही मध्यमवर्गाची जुनी भीती. म्हणून ज्या चित्राखाली किंमत ठळक लिहिलेली असते त्यापाशी पाय थांबतो. ‘किंमत विचारा’ अशी पाटी लावणाऱ्या कलावंताने रस्त्यावर येऊ नये, त्याची जागा कलादालनात. आणि खरी गर्दी जमते ती कोणी काढत बसले असेल तिथे. समोरच्या मुलीचा चेहरा कागदावर उमटताना बघायला वीस माणसे उभी राहतात. त्या विसांतली दोन शेजारच्या निसर्गचित्राकडे वळली तरी चित्रकाराची रात्र वाया जात नाही. शिवाय घेतलेले चित्र रिक्षातून घरी न्यायचे असते. तीन फुटी काचेची फ्रेम कितीही सुंदर असली तरी रात्री बारा वाजता ती कोण उचलणार? लहान आकार, काचेविना, गुंडाळी करता येईल असा कागद, पाचशे-हजारापासून सुरुवात. रस्त्यावरचे अर्थशास्त्र एवढेच असते.

उजेडाचे मात्र शास्त्र आहे. आज राष्ट्रीय विज्ञान दिनही आहे, रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाबाबतचा आपला शोध लावला तो हाच दिवस, म्हणून हे थोडे सविस्तर. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा रंग काळवंडतो आणि लाल तपकिरी होतो. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली माणसांच्या चेहऱ्यावर प्रेतकळा येते. चित्रकाराने घरी खिडकीपाशी बसून लावलेला रंग रस्त्यावर तसा दिसतच नाही, आणि दिसत नाही ते विकले जात नाही. रंग खरे दाखवणारे उबदार दिवे बाजारात मिळतात, त्यांच्या खोक्यावर सीआरआयचा आकडा असतो, तो 90च्या वर हवा. प्लास्टिकचे आवरण दिव्याखाली चमकते आणि चित्र दिसेनासे होते. आवरण काढावे तर खाडीचा दमट वारा आणि फेब्रुवारीचे दव जलरंगाच्या कागदाला पोक आणतात. या सगळ्यातून मार्ग काढणारा कलावंतच रस्त्यावर टिकतो. पालिकेने दिव्यांचे खांब आणि विजेची जोडणी द्यावी, हा खर्च एका सत्कार समारंभातल्या शालींपेक्षा फार जास्त नसावा.

फेब्रुवारी उजाडला की काळा घोडा महोत्सवाची आठवण निघतेच. 1999 पासून चालत आलेल्या या महोत्सवाने मुंबईच्या सामान्य माणसाला कलेच्या रस्त्यावर आणले, हे श्रेय त्याचे. पण संध्याकाळी सहानंतर तिथे जाऊन बघावे. मांडणशिल्पांसमोर मोबाइल उंचावलेल्या हातांचे रान असते, स्टॉलवर कानातल्यांना आणि पिशव्यांना मागणी असते, आणि चित्रे? तिथूनच जवळ, जहांगीरबाहेरच्या पदपथावर, वर्षभर चित्रे मांडणाऱ्यांची रांग आहे. महोत्सवाच्या गर्दीत तीच सर्वांत कमी गाजते. महोत्सव गर्दी आणतो, गिऱ्हाईक घडवत नाही. गिऱ्हाईक घडते ते त्याच माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटून. दोन महिने नुसते बघून गेलेला माणूस तिसऱ्या महिन्यात बायकोला घेऊन येतो. म्हणून आमची मागणी महोत्सवाची नाही, बाजाराची आहे.

यात मराठी मुलखाला नवे काही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हातभर कागदांवरची चित्रे पोथीत बांधून गावोगाव जात आणि देवळात वीणा-हुडुकाच्या साथीने एकेक चित्र पुढे करत कथा सांगत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या भिंतीवर आली. एम. एफ. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत होते, म्हणजे त्यांची पहिली चित्रशाळा आभाळाखालीच भरली. बाहेरचे उदाहरण हवे तर न्यूयॉर्कचे घ्या. महामंदीत, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पदपथांवर कफल्लक चित्रकारांनी चित्रे मांडली, त्यांत तेव्हा कोणालाच ठाऊक नसलेला जॅक्सन पोलॉकही होता. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या चौकात तिथली महापालिका चित्रकारांना परवाने देते आणि एक चौरस मीटर जागा दोघांत वाटून देते. एक चौरस मीटर! आपल्याकडे एवढ्या जागेत पावभाजीची अख्खी गाडी उभी राहते.

अडचण कायद्याची सांगितली जाईल. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला आहे. चित्राला ध्वनिक्षेपक लागत नाही. शांततेत विकता येणारी आणि रात्रीला साजेशी अशी मनोरंजनाची दुसरी वस्तू आम्हाला तरी सुचत नाही. दुकाने रात्रभर उघडी ठेवायला 2017च्या कायद्याने मोकळीक दिली आणि ऑक्टोबर 2025मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्ट केली. खरी खोच 2014च्या पथविक्रेता कायद्यात आहे. तिथे पथविक्रेता म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तू विकणारा किंवा सेवा देणारा. वांगी रोजच्या वापराची, चप्पल रोजच्या वापराची. चित्र? ते कोणत्या रकान्यात बसवायचे हे अतिक्रमण विभागाच्या गाडीवरच्या कर्मचाऱ्याने रात्री अकरा वाजता ठरवू नये. सभागृहाने एक ठराव करून जागा, वार आणि वेळ निश्चित केली की हा प्रश्न उरत नाही.

शहरात चित्रकार आहेत का, अशी शंका कोणाला असेल तर त्यांनी मालिकांच्या सेटवर रंगकाम करणाऱ्यांना विचारावे, भाड्याच्या एका खोलीत कॅनव्हास रचून ठेवणाऱ्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे, शाळांतल्या कलाशिक्षकांना विचारावे. याच पश्चिम रेल्वेवर पुढे डहाणू आहे, जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रे जगभर नेली तो मुलूख. काशीमिऱ्याच्या पाड्यांवर आदिवासी वस्ती अजून आहे. वारलीच्या नावाने छापील पडदे विकणाऱ्यांआधी बाजारातली पहिली जागा या लोकांना मिळाली पाहिजे.

चित्रकारांनाही दोन शब्द. गणपती, बुद्ध आणि धावते सात घोडे यांखेरीज काही घेऊन या. उत्तनचा कोळीवाडा, भाईंदरची मिठागरे, घोडबंदरचा किल्ला, मीरा रोडच्या जिन्यावरची संध्याकाळची चेंगराचेंगरी. ज्या भिंतीवर हे चित्र लागणार आहे त्या घरच्या माणसाने ते रोज पाहिलेले असते, म्हणून तो त्यापुढे थांबेल.

नगरसेवकांपुढे प्रस्ताव सोपा आहे. पावसाळ्याला तीन महिने आहेत. मार्च, एप्रिल आणि मे, एकेक शनिवार घ्या. रस्ता चार तास वाहनांना बंद, चांगले दिवे, बायकांसाठी स्वच्छ आणि उजेडातले स्वच्छतागृह, दोन महिला पोलीस, आणि न विकलेली चित्रे घेऊन शेवटची लोकल गाठता येईल इतक्या वेळेत आवराआवर. जागेचे भाडे पहिल्या वर्षी घेऊ नका. सोडत काढून जागा वाटा. आणि काहीही झाले तरी स्टॉलचे कंत्राट कोणाला देऊ नका. कंत्राटदार आला की दुसऱ्याच महिन्यात तिथे मोबाइलची कव्हरे विकली जातील.