आठ दिवसांचे आयोडीन, आयुष्यभराचा हिशेब

वैद्यकीय व्यवसायात निदानाइतकेच महत्त्व स्मरणालाही आहे. रुग्णाच्या शरीराने तीस-चाळीस वर्षांपूर्वी काय सोसले, हे विचारल्यावाचून आजचे लक्षण अनेकदा उलगडत नाही. अणुदुर्घटनेनंतर उद्भवणारा थायरॉईडचा कर्करोग हे याचे ठळक उदाहरण होय. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयीचे माझे मत सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील, आजच्या युक्रेनमधील, चेर्नोबिल येथील चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. वातावरणात मिसळलेल्या द्रव्यांत किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ होते. त्याचे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे. तीन महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे झाले. परंतु तेवढ्या अवधीत ते गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात उतरले आणि दुधातून मुलांच्या शरीरात गेले. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते, हा भेद थायरॉईड ग्रंथीला करता येत नाही. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिण्याचे प्रमाण अधिक, त्यामुळे तिला मिळणारी मात्रा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्यातच बाधित प्रदेशाच्या बऱ्याच भागात आहारातील आयोडीन मुळातच कमी होते. भुकेल्या ग्रंथीने मिळेल ते आयोडीन अधिकच शोषून घेतले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तेवढ्याच मात्रेला आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागातील मुलांचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

१९९२ साली बेलारूसमधील डॉक्टरांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आपली आकडेवारी मांडली. मुलांमधील थायरॉईड कर्करोगाचे जे रुग्ण पूर्वी वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येत, ते १९९१ मध्ये ५५ झाले होते. पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी अनेकांनी तेव्हा शंका घेतली. इतक्या लवकर कर्करोग होत नाही, अधिक तपासले म्हणून अधिक सापडले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील वर्षांनी बेलारूसच्या डॉक्टरांना खरे ठरविले. २००५ पर्यंत, दुर्घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांत सहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. उपचारांना प्रतिसाद देणारा हा कर्करोग असल्याने तोवर मृत्यू १५ झाले. मात्र शस्त्रक्रियेनंतर जन्मभर गोळी आणि जन्मभर तपासण्या ही शिक्षा हजारोंच्या वाट्याला आली.

हा धोका किती काळ टिकतो? युक्रेनमध्ये बालपणी किरणोत्सर्ग सोसलेल्यांच्या दीर्घकालीन पाहणीत, दुर्घटनेनंतर दोन दशकांनीही तो ओसरल्याचे दिसले नाही. हिरोशिमा-नागासाकीत बालपणी बाधित झालेल्यांत तर पन्नास वर्षांनंतरही वाढीव धोका आढळला. १९८६ साली चार वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याची वैद्यकीय नोंद बंद करण्याची वेळ अजून आलेली नाही. उलट, ते आयोडीन विरून गेल्यानंतर गर्भात आलेल्या आणि जन्मलेल्या मुलांना त्या आयोडीनचा हा धोका नाही. जन्मवर्ष विचारल्याखेरीज हा फरक कळत नाही.

हे सारे टाळता येण्याजोगे होते, ही यातील सर्वांत खेदाची बाब. १९५७ साली इंग्लंडमधील विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध अधिकाऱ्यांनी फेकून द्यायला लावले. म्हणजे दुधाचा हा मार्ग तीस वर्षे आधीच ठाऊक होता. १९८६ मध्ये पोलंडने बातमी कळताच एक कोटीहून अधिक मुलांना स्थिर आयोडीन पाजले आणि दुधावर निर्बंध घातले. सोव्हिएत खेड्यांत मात्र माहिती दडपली गेली आणि घरच्या गाईचे दूध मुले पीत राहिली.

मग उपाय म्हणून सर्वांच्या गळ्याची सोनोग्राफी करावी काय? माझे स्पष्ट मत ‘नाही’ असे आहे. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर सुमारे तीन लाख मुलांची पहिली तपासणी झाली व ११६ मुलांत कर्करोग किंवा त्याचा संशय निघाला. तेथील मात्रा चेर्नोबिलच्या मानाने पुष्कळच कमी होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये हे आकडे किरणोत्सर्गाचे नव्हेत, तर अतिसूक्ष्म तपासणीचे फलित असल्याचा निर्वाळा दिला. दक्षिण कोरियात अणुदुर्घटना न घडताही केवळ तपासण्यांमुळे २०११ पर्यंत या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले. मृत्युदर होता तेथेच राहिला. माझ्याही टेबलावर चार-पाच मिलिमीटरच्या गाठीचा अहवाल घेऊन भेदरलेली माणसे येतात. त्यांतील बहुतेकांना सुरीपेक्षा धीराची गरज असते. दीर्घकालीन देखरेख ठेवायची ती बालपणी मोठी मात्रा मिळालेल्यांवर, त्यांना फायदे-तोटे समजावून आणि त्यांच्या संमतीने. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनीही हाच सल्ला दिला.

आपल्या बेळगावशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगा येथे २००० सालापासून अणुवीज निर्माण होत आहे. मी अणुऊर्जेचा विरोधक नाही आणि भीती पसरविणे हा माझा हेतू नाही. तथापि पोटॅशियम आयोडाइडची मात्रा आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? प्रौढांना १३० मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते तीन वर्षे वयाच्या बालकांना ३२ आणि नवजातांना १६. किरणोत्सर्गाशी संपर्क येण्यापूर्वीच्या २४ तासांत किंवा नंतर दोन तासांपर्यंत दिल्यास ती सर्वाधिक उपयोगी. आठ तासांपर्यंतही देणे योग्य. चोवीस तास उलटल्यावर मात्र अपायच अधिक. ही गोळी केवळ थायरॉईडला वाचविते, तीही प्रशासनाची सूचना आल्यावरच घ्यायची, हे लोकांना आधीच समजावून सांगणे आपले काम आहे. आयोडीनयुक्त मिठाचा आग्रहही या दृष्टीने कुटुंबवैद्याने सोडू नये.

आणि गळ्यातील गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न अवश्य विचारावा: बालपणी आपण कोठे होता, आणि तेव्हा गळ्याला किंवा छातीला किरणोपचार झाले होते काय? या प्रश्नाला खर्च येत नाही. त्याचे उत्तर रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे आपल्यानंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ते उपयोगी पडेल.