लपविणे हा दोष नव्हे

जादूगार यंत्र लपवितो, म्हणून तो भोंदूचाच भाऊबंद, असे आपल्या मंडळींत पुष्कळदा बोलले जाते. आम्हांस हे मत सर्वस्वी अमान्य आहे.

१८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेअर यांनी मेजावरच्या पेटीत बोलणारे मस्तक दाखविले. मेजाच्या पायांमध्ये तिरपे आरसे होते. त्यांत बाजूचे पडदे दिसत आणि पाहणाऱ्यास ते मागचेच वाटत. माणूस त्या आरशांआड दडलेला असे. १९५६ मध्ये पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर करवतीने तरुणी कापली आणि कार्यक्रम तिथेच संपला, तेव्हा घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनी केले. तरीही यात फसवणूक कोणती? पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे तिकीट काढणारा खेळच पाहावयास जात असे.

भोंदूचे तसे नाही. पेजेत मळून वाळविलेली राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात धरायची, चुरडायची आणि तिला सिद्धी म्हणायचे. मग आजाऱ्याचे औषध बंद करायचे. दोष गोळी लपविण्यात नाही, तिला देवत्व देण्यात आहे.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेल्या आपल्या सौंसर-लोधीखेड्यास तो लागू नाही. कायदा सीमेवर थांबतो, विवेकाने का थांबावे? जादूगारास टाळ्या द्याव्यात. राख काढणाऱ्यास मात्र आधी बोटे उघडावयास सांगावे.